सहादूच्या ट्रंपेटमागचे चार दात

बोलतोय तो मी, सहादू ट्रंपेटवाल्याच्या वरच्या जबड्यात अकरा वर्षं बसलेला चार दातांचा पूल. लोक मला खोटे दात म्हणतात. म्हणोत. आधी माझी हकिगत ऐका, मग माझ्याबद्दल काय ते ठरवा.

पूल म्हणतात ते अशासाठी, की सहादूचे वरचे मधले दोन दात गेले होते. ती मोकळी जागा भरायला डॉक्टरबाईंनी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक केले आणि खांबावर पूल टाकावा तसं मला त्यांवर चढवलं. माझे कडेचे दोन दात म्हणजे त्या खांबांवरच्या टोप्या. मधले दोन अधांतरी.

ते दोन दात गेले कसे, हे मी पाहिलेलं नाही. ते माझ्या जन्माआधीचं. पण सहादूने ते इतक्यांदा सांगितलंय, आणि माझ्याच आडून सांगितलंय, की मला ते पाठ आहे.

सहादू नाशिकमधल्या एका वसाहतीत राहणारा बौद्ध माणूस. एरवी लाकडाच्या वखारीत कामाला, लग्नसराईत केरू मास्तरांच्या बँडमध्ये. १९७७च्या उन्हाळ्यात चांदवडकडच्या एका गावात त्याच्याच समाजातल्या पुंजाराम नावाच्या तरुण शिक्षकाची वरात होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड. चावडीपाशी दहा-बारा माणसं रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, इथून तुमची वाजंत्री जायची नाही, घोडाही जायचा नाही.

बँड थांबला. एकटा सहादू थांबला नाही. त्याचं गाणं मध्यावर आलं होतं. मग एकाने पुढे होऊन ट्रंपेटच्या रुंद तोंडावर काठी हाणली. ओठाला लावलेली पितळी वाटी आत घुसली. एक दात तिथेच मातीत पडला, दुसरा मुळाशी मोडला. पुंजारामचं लग्न बिनवाजाचं लागलं. पुढे गावात बैठक झाली, झालं गेलं विसरून जा असं ठरलं. ज्यांनी ठरवलं त्यांचे दात शाबूत होते.

जखम भरल्यावर सहादूची बायको लताबाई त्याला नाशिकच्या शालिमार चौकाजवळच्या दवाखान्यात घेऊन आली. जबड्याचं माप गेलं गोरक्ष नावाच्या कारागिराकडे. मला घडवलं ते त्याने. आधी मेणाचा, मग धातूचा, वर दातांच्या रंगाचा मुलामा. कामाला लागण्याआधी त्याने निरोप धाडला होता, की जुना फोटो असेल तर द्या, म्हणजे दात तसेच करता येतील. एकुलता एक फोटो लग्नातला, त्यात सहादूचं तोंड मिटलेलं. तेव्हा लताबाई स्वतःच गोरक्षच्या टेबलापाशी येऊन बसली.

"उजवीकडचा जरा आडवा होता," ती म्हणाली. "असा, डाव्यावर चढलेला."

"वहिनी, आता नवीन करतोच आहे तर सरळ करू. छान दिसतील."

"छान नको. माणूस वळखू आला पाहिजे."

म्हणून मी जन्मतःच थोडा वाकडा आहे. त्याचा मला अभिमान आहे.

मला बसवलं त्या दिवशी डॉक्टरबाईंनी सहादूच्या हातात आरसा दिला. त्याने बराच वेळ पाहिलं, ओठ वर करून, खाली करून. मग त्या म्हणाल्या, "पेरू, ऊस समोरच्या दातांनी तोडायचा नाही. आणि सहादूराव, ट्रंपेट आता बंद. एवढा दाब हे खांब सोसणार नाहीत. ढोल वाजवा ना."

"ढोल वाजवणारे हायेत बाई," सहादू म्हणाला.

लताबाई मागे उभी होती. "नुसतं खायचं असतं तर त्यांनी भाकरी कुस्करून खाल्ली असती," ती म्हणाली. "दात बसवलेत ते वाजवायला."

डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या, "मग रोज पाच मिनिटंच. दुखलं की थांबायचं."

पाच मिनिटं त्याने मानली. दुखलं की थांबायचं, हे मात्र मानलं नाही.

कालव्याच्या कडेला, सकाळी वखारीत जायच्या आधी, तो उभा राहायचा. पलीकडून पितळ, अलीकडून मी, आणि मध्ये त्याचा ओठ. पहिले तीन महिने सूर म्हणून काही निघालाच नाही, कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. माझ्या फटींतून हवा निसटायची. हिरड्यांतून रक्त यायचं, ते माझ्यावरूनच ओघळायचं. तो चूळ भरायचा आणि पुन्हा ट्रंपेट लावायचा. त्याने ओठ ठेवायची जागाच बदलली, किंचित डावीकडे. आठव्या महिन्यात एक सूर सरळ निघाला. तो माझ्या धातूतून आरपार गेला. त्या दिवशी सहादू वखारीत उशिरा पोहोचला.

१९७९ साली पुंजारामच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. गाव तेच, चावडी तीच. पुंजारामची आई भिमाबाई स्वतः एस्टीने नाशिकला आली आणि केरू मास्तरांसमोर बसली.

केरू मास्तर म्हणाले, "आक्का, येतो आम्ही. पण सहादूला घरी राहू द्या. त्याला बघून लोक चिडतील."

"मास्तर, त्याला नाय आणायचं तर तुमी बी नका येऊ," भिमाबाई म्हणाली. "मला बँड नकोय. मला तोच बाजा पायजे."

वरात निघाली तेव्हा भिमाबाईने एक काम केलं. वस्तीतल्या सगळ्या बाया बोलावल्या आणि बँडच्या भोवती कडं करून चालायला लावल्या, हातात हात घालून. लताबाई सहादूच्या अगदी पुढे. ट्रंपेटपर्यंत काठी पोहोचायची तर आधी तिच्यापर्यंत पोहोचायला हवी होती.

चावडीपाशी माणसं उभी होतीच. काठी हाणणाराही होता. बँडचा आवाज बारीक झाला. मला सहादूचा ओठ थरथरताना कळत होता. खोटं कशाला सांगू, तो घाबरला होता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, खोटे दात लावून आलाय."

सहादूने ट्रंपेट खाली घेतलं. मला वाटलं, संपलं. पण त्याने ओठ मागे ओढून मला पूर्ण उघडं केलं, वाकड्या दातासकट.

"दात खोटे हायेत," तो म्हणाला. "फुंक माझी हाय. ऐका."

आणि त्याने दोन वर्षांपूर्वी जिथे तुटलं होतं, तिथूनच ते गाणं उचललं. मागून केरू मास्तरांचा ढोल आला, मग बाकीचे आले. बायांचं कडं हललं नाही. समोरच्यांतला एक म्हातारा आधी बाजूला झाला, मग त्याच्यामागचे दोघे. काठीवाला मात्र शेवटपर्यंत तसाच उभा होता. वरात त्याला वळसा घालून गेली. घोडा गेला, बाया गेल्या. सहादूने विहारापर्यंत ट्रंपेट ओठावरून काढलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षं मी वाजलो. मनमाडपासून त्र्यंबकपर्यंत. पुढेपुढे माझा मुलामा झिजला, आतला धातू दिसायला लागला. पोरं म्हणायची, काकांना चांदीचे दात आलेत. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तेच झालं. डावा खांब आतून किडला आणि १९८८च्या होळीला मी पुरणपोळीसोबत त्याच्या हातात आलो. दवाखान्यातले नवे डॉक्टर मला कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. सहादूने हात पुढे केला. त्याला काढघालीची कवळी मिळाली. कवळीने जेवता येतं, ट्रंपेट वाजत नाही.

शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या, "असलं घरात ठेवू नाय. गंगेत सोडून द्या." आमच्या नाशकात गोदावरीला गंगा म्हणतात, आणि तिच्यात अस्थी सोडतात. मी कोणा मेलेल्याचं हाड नाही. लताबाईने त्यांना चहा पाजला आणि मला फडताळात ठेवलं.

काल निफाडकडच्या एका गावातून एक बाप आला. मुलाची वरात आहे, आणि चावडीवरून जाऊ देणार नाही असं तिथेही कोणी म्हणालंय. सहादूने आता बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या भिकनला बोलावलं. तिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. त्याने आधी सहादूच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, माझे दात गेले तर?"

सहादूने मला फडताळातून काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. भिकनने मला उलटसुलट पाहिलं.

"किती वर्सं टिकलं?"

"अकरा."

"दुखायचं?"

"लय."

भिकनने मला परत केलं आणि विचारलं, "गाडी किती वाजता हाय?"

गाडी उद्या सकाळी सातची आहे. लताबाईने वसाहतीतल्या बायांना निरोप दिलाय. सहादू पुढे चालणार आहे, आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असेन. चावडीवरच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच, की वाटेतून जरा बाजूला उभे राहा. येतो.