भाकरीच्या डब्यातला स्ट्रेटनर

मी एक जुना स्ट्रेटनर आहे. केस सरळ करणारा, दोन तापत्या पट्ट्यांचा. माझा रंग उडाला आहे, दांडीला चीर गेली आहे, आणि बेंबळीच्या एका लग्नघरातून मला उकिरड्यावर फेकायला काढलं होतं. तरी मी आहे. मित्रांनो, ज्यांना मी आगलावा वाटतो त्यांनी आज माझी बाजू ऐकावीच.

धाराशिवच्या बाजारातून हर्षालीनं मला आणलं. ती लोहाऱ्याची, नवऱ्या मुली सजवते. पिना, ब्रश, पावडरी आणि मी, सगळे एकाच पिशवीत, एसटीनं नाहीतर जीपनं गावोगाव. कुठं फ्रिजचा प्लग काढून मला लावलं, कुठं शेजारच्या घरून वायर ओढली. वीज गेली की सगळे माझ्याकडेच डोळे वटारून बघायचे, जणू ती मीच खाल्ली! पण केसांच्या कामात मी कधी कुचराई केली नाही. कौतुक हर्षालीचं व्हायचं. होऊ दे, मला त्याचं काही नाही.

त्या दिवशी दोन लग्नं होती. सकाळी लोहाऱ्यात राजेश्वरीचे केस केले. दुपारी बेंबळीत क्षमाचं लग्न होतं. जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. हर्षालीनं मी तापलेला असतानाच मला पिशवीत कोंबलं. आत क्षमाची लग्नात नेसायची पांढरी साडी होती. निऱ्या घालून ठेवायला हर्षालीनं ती आदल्या दिवशीच मागवून घेतली होती. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

"काय तरी करपायलंय बगा," जीपमधली एक बाई म्हणाली. पिशवी उघडली, तर साडीवर माझ्या पट्टीएवढा तपकिरी डाग!

हर्षालीनं तो लपवला नाही. पोचताच साडी क्षमाच्या आईपुढं, चांगुणाबाईंपुढं पसरली. डाग बघून त्या भडकल्या. क्षमाच्या मामांनी, मच्छिंद्ररावांनी, मला वायरीला धरून उचललं.

"फेका हे उकिरड्यावर! अन् तुमी बी हा धंदा सोडा, ताई."

"त्याचा काय दोष, मामा?" हर्षालीचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "घाई म्या केली, मला बोला. धंदा मात्र सोडायची न्हाय."

मामा दाराशी पोचले होते. तेवढ्यात क्षमा उठली.

"मामा, आणा ते इकडं. निऱ्या उलट्या घातल्या की डाग आत जातोय. लगीन साडीचं न्हाय, माझं हाय. अन् केस ह्याच मशिननं व्हनार."

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतून तापलो. क्षमा मांडवात गेली तेव्हा डाग कुणाला दिसला नाही. चांगुणाबाईंचा राग मात्र उतरला नव्हता. भाकरीचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यांनी हर्षालीपुढं आदळला.

"तापला तवा कुनी लुगड्यात गुंडाळतं व्हय? आधी गार होऊ दे. मग ह्याच्यात घाल."

तेव्हापासून मी त्या डब्यातून फिरतो. एसटीत डबा उघडला की लोक हसतात. खुशाल हसा! आम्हाला वापरा, पण गार व्हायला थोडा वेळ द्या. तुमच्या घाईचं खापर आमच्यावर फोडू नका. आणि जुना झालो म्हणून उकिरडा दाखवू नका. मी अजून तापतो.

क्षमाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे. परवा हर्षालीला खुद्द मच्छिंद्रमामांचा फोन आला.

"ताई, तेच मशीन आना," ते म्हणाले. "अन् डबा इसरू नका."