मला न विचारलेले प्रश्न

अणुबाँबवर मत विचारायला घरी कोणी येईल आणि मला सोडून माझ्या बायकोला विचारेल, हे मी स्वप्नातही मान्य केलं नसतं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं चढवता चढवता मी वर्षानुवर्षं हाच विषय चघळतोय. शत्रूला धाक बसायला बाँब हवाच, मित्रदेशांशी करार हवेतच. गिऱ्हाईक हो म्हणतं. भिंगं चढवलेली असताना ते जाणार कुठे?

पण पाहणी करायला आलेल्या मुलीचा नियम ठरलेला होता. "घरात सगळ्यात अलीकडे वाढदिवस कोणाचा झाला? त्यांनाच विचारायचं असतं."

"माझा. मंगळवारी," बायको म्हणाली. मला तो तेव्हा आठवला.

ती हात पुसून खुर्चीत बसली. मुलगी तिचा शब्द न् शब्द टिपायला लागली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर बोलतोय मी, आणि भाव हिला! बातम्या ऐकण्याचं सोंग करत मी टीव्हीजवळच उभा राहिलो.

"आपल्याकडे बाँब आहे म्हणून तुम्हाला सुरक्षित वाटतं?"

"त्यांच्याकडेही आहे ना? म्हणजे दोघंही घाबरलेले. घाबरलेल्या माणसाचा काय भरवसा?"

"साफ चूक!" मी ओरडलो. "अगं, भीती हीच तर..."

"काका, प्लीज. यांचंच उत्तर हवंय."

मी टीव्हीकडे तोंड फिरवलं.

"मित्रदेशावर हल्ला झाला तर आपण मदतीला जावं?"

"शब्द दिलाय ना? मग जावं."

"आणि आपल्यावर झाला तर ते येतील?"

"कागदावर तर येतील," बायको म्हणाली.

"आता शेवटचा. असं संकट आलं तर आधी कोणाला हाक माराल? सरकार, सैन्य, कुटुंब की शेजारी?"

"शेजारी."

शेजारी म्हणजे तो शिंपी! गळ्यात टेप अडकवून फिरणारा, जगाच्या राजकारणातलं ओ की ठो न कळणारा.

मुलीनेही मान वर केली. "कुटुंब नाही?"

"हे बातम्या ऐकत असतील," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता. मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मुलगी गेल्यावर मी फणकारलो, "त्या शिंप्यात असं काय पाहिलंस?"

"मागे स्टुलावरून पडले, पाय मुरगळला, तेव्हा तुम्हालाच हाका मारल्या होत्या. तो भिंतीपलीकडून मशीन टाकून धावत आला."

"मला ऐकूच आलं नाही!"

"माहीत आहे. तुम्ही शत्रूला धाक बसवत होतात."

आता मी टीव्ही हळू लावतो. भिंतीपलीकडून शिंप्याचं मशीन ऐकू येतं. ते मध्येच थांबलं की वाटतं, बायकोने हाक मारली असेल. त्याच्या आधी पोचायला हवं म्हणून मी धडपडत स्वयंपाकघरात जातो.

"काय हवंय?" बायको विचारते. तिने हाक मारलेली नसते.