डबा रिकामा देऊ नये

सयाजी हवालदारांना या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी बघू. कोटावर लावायला एक बिल्ला, दिल्लीच्या सहीचं प्रमाणपत्र, सव्वीस जानेवारीला मैदानातल्या मांडवात सत्कार, आणि पुण्यातल्या लेकीला, रेश्माला, रविवारच्या फोनवर सांगायला काहीतरी. शेवटची बाब सगळ्यांत मोठी. बायको गेल्यापासून त्या फोनवर "जेवलात का?" आणि "जेवलो" यापलीकडं मजकूर उरला नव्हता.

केंद्र सरकारची स्वयंसेवकांची योजना होती. आपल्या भागातल्या गरजू माणसाला मदत करायची, फोनवर फोटो चढवायचा, वर्षअखेरीस उत्तम स्वयंसेवकाची निवड व्हायची. साताऱ्यात रिकामे बसलेले निवृत्त फौजी रग्गड. योजनेचं काम बघणाऱ्या अंकिता मॅडमनी हवालदारांचं नाव लगेच चढवून घेतलं.

आता गरजू माणूस पाहिजे. माजी सैनिकांच्या कॉलनीत तो शोधणं अवघड, कारण तिथं गरज कबूल करायची पद्धत नाही. शेवटी हवालदारांची नजर समोरच्या बंगल्यातल्या चंद्राबाईंवर गेली. कऱ्हाडकडच्या ऊसवाल्या बागायतदार घरातल्या. मुलगा राजवर्धन फौजेत सुभेदार, आसामला, सून-नातवंडं त्याच्याबरोबर. बंगला ऐसपैस, आत एक बाई आणि एक टीव्ही.

हवालदार त्यांना गोळ्या आणून देऊ लागले, लाइट बिल भरू लागले, गॅसची टाकी बदलू लागले. दर वेळी फोटो. चंद्राबाई पदर सारखा करून उभ्या राहायच्या. रेश्माला दाखवतो, असं हवालदारांनी सांगून ठेवलं होतं. थाप छोटी होती, पण रोजच्या वापरातली होती.

खरा घोटाळा डब्यानं केला. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून हवालदार स्टीलच्या डब्यात गूळ घेऊन गेले. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून चंद्राबाईंनी त्यात मेथीची भाजी-भाकरी घालून दिली. भरून आलेला डबा मग हवालदारांनाही रिकामा देववेना. त्यांनी शेंगा घातल्या. तिकडून आमटी, इकडून पेरू. असा तो डबा रस्ता ओलांडत राहिला आणि गोळ्या-बिलं निमित्तापुरती उरली. हवालदारांनी संध्याकाळचा भात लावणं सोडलं. चंद्राबाई टीव्हीचा आवाज बारीक करून फाटक वाजतंय का ऐकू लागल्या.

गंमत पुढंच आहे. आसामच्या फोनवर चंद्राबाई सांगायच्या, "समोरचा हवालदार एकटाच हाय रं. बायको न्हाई, लेक येत न्हाई. मी घालते चार घास. तेवढंच पुण्य." म्हणजे स्वयंसेवक दोन होते, फोटो एकाच्याच कामाचे निघत होते.

डिसेंबरात निवडीचा अर्ज आला. 'लाभार्थीची स्थिती' या रकान्यावर अंकिता मॅडमनी बोट ठेवलं. निराधार, दिव्यांग, इतर. 'इतर' लिहिलं तर वर कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"लिवा निराधार," हवालदार म्हणाले. "चंद्राबाईस्नी कोण वाचून दाखवतंय?"

चंद्राबाईंना त्यांनी नुसतं सत्काराचं आमंत्रण दिलं आणि आदल्या दिवशी डब्यातून कंदी पेढे पाठवले. सव्वीस तारखेला चंद्राबाई इरकल नेसून आल्या, पिशवीत टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन. रेश्माला यायला जमलं नव्हतं. घरचं म्हणून कुणीतरी आहेर करायला पाहिजेच की. पहिल्या रांगेत बसून शेजारच्या बाईला त्यांनी सांगितलंसुद्धा, ते आमचे हवालदार.

नाव पुकारलं. हवालदार कडक चालीनं मंचावर गेले. बिल्ला लागला. मग निवेदकानं अर्जातलं सगळं मोठ्यानं वाचलं. समोर बसलेल्या या निराधार वृद्धेला यांनी आधार दिला, म्हणाला. टाळ्या पडल्या. अंकिता मॅडमनी चंद्राबाईंना हाताला धरून वर नेलं आणि आजींना काय वाटतं म्हणून माइक पुढं केला.

चंद्राबाईंनी हवालदारांकडं बघितलं नाही.

"माझा ल्योक सुभेदार हाय," त्या म्हणाल्या. "लांब हाय. पर हाय."

लोकांना ते फार आवडलं, पुन्हा टाळ्या. पिशवी काखेत तशीच धरून त्या खाली उतरल्या.

परतताना दोघं एकाच रिक्षात बसले. मग हवालदारांनी सांगून बघितलं की आक्का, रकान्यात तसं लिहावं लागतं, मनात काही नव्हतं.

"मला वाटलं, शेजार हाय," चंद्राबाई रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "तुमची ड्युटी चालली हुती व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हवालदारांच्या पायरीवर होता. घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट बसवलेलं. उचलल्याबरोबर वजनावरून कळलंच. तरी त्यांनी उघडून बघितला. मग त्यात शेंगा भरून रस्ता ओलांडला. फाटकाला आतून कडी होती आणि टीव्ही मोठ्यानं लागला होता.

रविवारी रेश्माचा फोन आला. बिल्ल्याचा फोटो छान आलाय म्हणाली. पुढं जेवलात का, आणि जेवलो.

तर हिशेब असा. अंकिता मॅडमच्या अहवालात एक निराधार कमी झाली. सरकारला एक बिल्ला पडला, तो काही भारी नव्हता. बाकीचं सगळं समोरासमोरच्या दोन घरांनी भरलं. चंद्राबाईंच्या हातून सवयीनं अजून भाकरी जास्तीची पडते. ती सकाळी गाईपुढं जाते. आणि हवालदार रोज भात लावतात, तो एकट्याला उरतोच.