बारशीचा वाघ

कुरवंड्यात चिंधूला वाघ केला त्याचं कारण एवढंच, की अंगाला हळद-काजळी फासून, कमरेला गोणपाट गुंडाळून चारचौघांत रांगायची बाकी सगळ्यांना लाज वाटायची आणि याला नाही. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिश्या पिकल्या, गुडघे कुरकुरायला लागले, तरी वाघबारशीचा वाघ तोच.

ही बारस येते दिवाळीच्या तोंडावर. गुराख्यांनी वाघोबाच्या दगडाला खीर ठेवायची, मग वाघाला हाकत हाकत शिवेवरच्या ओढ्यापर्यंत न्यायचं. तिथं मुख्य गुराखी निरगुडीची काठी उगारून विचारतो, "वाघ्या, पुन्यांदा आमच्या शिवंत येशील का?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येनार." मग पाठीत एक फटका खाऊन ओढा ओलांडायचा, मागं वळून बघायचं नाही. आणि वाघ कबूल होईस्तवर गुराख्यानं घरी फिरायचं नाही, असा नेम.

यातलं काही चिंधूनं कधी सरळ पाळलं असेल तर शपथ! "येशील का?" म्हटलं की हा म्हणायचा, "तुजी सासू आलीय का ऱ्हायला? मंग येतो." पोरं हसून लोळायची, हा फटके खायचा, शेवटी एकदाचा कबूल व्हायचा. ओढ्यापलीकडं गेला की हमखास वळून हातभर जीभ काढायचा. आणि मुख्य गुराखी निवृत्ती त्याच्यावर ढेकूळ भिरकावायचा. निवृत्तीचा नेम कधी चुकला नाही. एका बारशीला तर चिंधू रंग न धुता कड्याच्या वाटेवर झुडपात जाऊन बसला. मुंबईची मंडळी भाजलेली कणसं टाकून पळाली आणि वाघानं ती बसून खाल्ली.

निवृत्ती याच्या अगदी उलटा. त्याला खोटं बोलताच यायचं नाही. लहानपणी दोघांनी मिळून आंबे चोरावेत आणि मालकानं नुसतं "काय रं पोरांनो?" म्हणावं, की निवृत्ती झाड कुठलं ते दाखवायला निघालाच. मार दोघांना. तरी चिंधूनं दुसरा जोडीदार शोधला नाही.

यंदा मात्र गावात गुरंच उरली नव्हती. चराईच्या डोंगराला बंगलेवाल्यांच्या कुंपणाच्या तारा पडल्या, तसतशी एकेकानं जनावरं विकली. निवृत्तीची तांबू गाय तेवढी होती. तीही गणपती उठल्यावर त्यानं मळवलीच्या पाहुण्याकडं पोचती केली. त्याचा मुलगा आकाश तळेगावात कंपनीत. सोसायटीत फ्लॅट घेतलाय, भाऊबीज झाली की बापाला कायमचा घेऊन जाणार. ही बातमी चिंधूला सगळ्या गावानं सांगितली. निवृत्तीनं सोडून.

बारशीच्या सकाळी सरूबाई नवऱ्याच्या पाठीवर तव्याच्या काजळीचे पट्टे ओढत होती.

"वाघ कबूल होईस्तवर गुराखी घरी फिरत न्हाई. व्हय ना?" चिंधूनं विचारलं.

"व्हय. मंग?"

"मंग वाघ यंदा कबूलच होत न्हाई."

तिचा हात थांबला. "आवं, जानारं मानूस असं ऱ्हातं का? मस्करी बास करा आता."

"मस्करी कोन करतंय?" चिंधू म्हणाला. तिनं पुढं होऊन त्याचं तोंड बघितलं आणि उरलेले पट्टे ओढले.

बाहेर पाऊस. ऐन दिवाळीत! कापायला आलेलं भात खाचरात आडवं झालेलं, लोंब्यांना मोड फुटलेले. पूर्वी बारशीला गवतावर दव असायचं. हल्ली पाऊस आला की जायचं नावच घेत नाही.

वाघोबाचा दगडही आता एका रिसॉर्टात गेला होता. मालकानं त्याला ऑइलपेंट मारून पिवळाधमक केला होता, शेजारी स्विमिंग पूल. गेटवर गावातलाच विक्की.

"आबा, लवकर उरका. पाव्हन्यांचा नाष्टा चाललाय."

"वाघाला टायम सांगतो व्हय रं?" चिंधूनं अशी डरकाळी फोडली की विक्कीची छत्री पडली. हसत हसत त्यानं गेट उघडलं.

निवृत्तीनं खीर ठेवली, हात जोडले. तेवढ्यात प्लेट घेऊन एक बाई आली. "काका, ते ओरडणं परत एकदा करा ना! रेकॉर्ड नाही झालं."

चिंधूनं परत केलं. मोबाइल वर झाले, टाळ्या पडल्या. निवृत्ती मान खाली घालून उभा होता.

ओढ्याच्या वाटेनं पुढं वाघ, मागं एकटा गुराखी. पूर्वी या वाटेवर आरडाओरड्यानं कान फुटायचे. आता दोघांच्या चपलांचा चिखलातला आवाज तेवढा. काठावर चिंधू गुडघ्यांवर बसला. निवृत्तीनं काठी उगारली.

"वाघ्या, पुन्यांदा आमच्या शिवंत येशील का?"

"येनार."

"नीट बोल."

"रोज येनार. तुज्या तांबूला खानार."

"तांबू हाय कुटं?"

चिंधूनं नुसतं गुरगुरून दाखवलं. पाऊस वाढला. पाठीवरचे पट्टे ओघळायला लागले.

"चिंधा, कबूल हो की. भिजतोय मी."

"भीज. मी न्हाई म्हनंस्तवर तुला घरी जाता येत न्हाई. आन् घरी न्हाई, तर तळेगावला बी न्हाई."

निवृत्तीची काठी हळूहळू खाली आली. तो ओल्या दगडावर बसला.

"कुनी सांगितलं तुला?"

"तू सोडून समद्यांनी."

"तुला सांगाया दोनदा आलतो दारात. म्हनलं, तू हसशील."

चिंधू ओढ्याचं लाल पाणी बघत राहिला. वर डोंगर कापलाय, त्याची माती.

"गुडघा कामातनं गेलाय," निवृत्ती म्हणाला. "गुरं न्हाईत, तर दिसभर करू काय हितं? आकाश म्हनतो, तितं लिफ्ट हाय."

"लिफ्टीत वाघ येतो का?"

निवृत्ती हसला. खांदे हलवून हसला आणि मग खांदे हलायचे थांबेचनात. चिंधूनं तिकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं, आता मी इचारतो. गड्या, तू पुन्यांदा आमच्या शिवंत येशील का?"

"येईन की," निवृत्ती काठीकडं बघत म्हणाला. "पुढल्या बारशीला येईन. तळेगाव काय लांब हाय व्हय?"

चिंधूला खोटं वासावरून कळायचं, सगळा जन्म त्याच धंद्यात गेलेला. आणि हे तर नवशिक्याचं होतं, अगदीच कच्चं. आंब्याचं झाड दाखवणारा माणूस त्याच्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलला होता.

चिंधू पुन्हा गुडघ्यांवर आला. हात जमिनीला टेकले. "न्हाई येनार," तो म्हणाला. सासू नाही, काही नाही.

निवृत्तीनं काठी उचलली आणि त्याच्या पाठीला नुसती टेकवली. चिंधू ओढ्यात उतरला. गुडघाभर पाण्यातनं धडपडत पलीकडं गेला, वळला आणि हातभर जीभ काढली.

निवृत्ती तीच काठी टेकत, पाय ओढत निघाला होता. त्यानं मागं बघितलं नाही. चिंधू जीभ तशीच बाहेर ठेवून ढेकळाची वाट बघत उभा राहिला. कपाळावरची हळद-काजळी ओघळून तिच्यावर आली. कडू लागली. तरी त्यानं जीभ आत घेतली नाही.