दाराजवळची जागा

स्क्रू अजून कोमट होता. अश्विननं तो भिंतीतून काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि स्टुलावरच दुसऱ्या स्क्रूकडे वळला. तिच्या हातातला बोटाएवढा लांब, आट्यांत चुन्याची पूड अडकलेला, अकरा वर्षं पुस्तकांचं उंच कपाट भिंतीशी धरून ठेवणारा. कुमुदिनीनं मूठ मिटली. एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर आपण इतकी वर्षं निवांत झोपलो, या विचारानं तिला जरा हसूच आलं.

आज रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि राऊ गावातल्या या घरातलं सुनेचं, वल्लरीचं, पहिलंच हळदीकुंकू. पुण्याची नोकरी सोडून मुलगा अश्विन आणि सून चार वर्षांच्या संहिताला घेऊन दिवाळीत परत आले तेव्हापासून घर कसं भरल्यासारखं झालं होतं. आत तळायचे गराडू कंद चिरून ठेवले होते, ओट्यावर वाणाच्या वाट्या एकात एक घालून उभ्या होत्या, हॉलमध्ये थेट दिवाणापर्यंत ऊन आलं होतं. बरं वाटत होतं तिला. खरंच बरं वाटत होतं… फक्त ते कपाट.

हॉल तिनं स्वतः लावला होता. कोणाच्याही डोक्यावर तसबीर नाही, टीव्ही पट्ट्यानं बांधलेला, आणि कुठल्याही खुर्चीवरून उठलं की दारापर्यंत सरळ वाट, मध्ये टीपॉयसुद्धा आडवा नाही. लोकांनी याला वास्तुशास्त्र म्हणायला सुरुवात केली आणि तिनं म्हणू दिलं. समोरचा मनीष तर नव्या फ्लॅटचा नकाशा घेऊन आला होता — "काकीजी, जरा देख लो" — आणि तिनंही चष्मा लावून, मान डोलावून, ईशान्य कोपरा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. कसलं ईशान्य! मला दिशा कधी कळल्यात? मला फक्त दार कळतं.

"आई," वल्लरी पदर खोचून हॉलच्या मधोमध उभी होती, "कपाट दाराशेजारी सरकवलं ना, तर इकडे पूरी जगह मोकळी होते. वीस जणी आरामात बसतील. एका दिवसाचं तर आहे."

एका दिवसाचं तर आहे — हे तिनंही म्हटलं होतं, अगदी याच सुरात, नवऱ्याला, रघुवीरना, अहमदाबादच्या भाड्याच्या घरात, पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हाही संक्रांतीचंच हळदीकुंकू, बायकांना बसायला जागा हवी म्हणून लोखंडी कपाट दाराजवळ ढकललेलं, आणि ते "दाराजवळ नको, कुमुद" म्हणत असताना तिनं त्यांना हसण्यावारी नेलेलं… दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, ते झेंडावंदनाला गेलेले, गॅसवर दूध, सहा वर्षांचा अश्विन बुटांची नाडी बांधत बसलेला, आणि जमीन हलली. कपाट पडलं ते नेमकं दारावर आडवं. दार आत उघडणारं. ती ढकलत राहिली, ते हललं नाही; मग तिनं अश्विनला टेबलाखाली घेतलं आणि सांगितलं की हा खेळ आहे. अर्ध्या तासानं रघुवीर आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यांची इमारत उभी होती. गल्लीच्या टोकाची नव्हती.

"सूनबाई, आधी वास्तुपंडितांची परवानगी घ्या," रघुवीर वर्तमानपत्राआडून म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. त्या दिवसाबद्दल "मी सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नव्हते. उलट हा वास्तुपंडिताचा विनोद त्यांनीच सुरू केला होता, आणि तो तिच्या भीतीवर पांघरूण घालायला, हे तिला फार उशिरा उमगलं. चांगला माणूस मिळाला मला, असं तिच्या मनात आलं. हे त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं.

"दाराजवळ वजन नको गं," ती म्हणाली. "वास्तूत बसत नाही."

वल्लरी खळखळून हसली. "अरे, सेम टू सेम! अश्विन पण हेच म्हणायचा. पुण्याला दाराजवळ चपलांचा स्टँड नाही ठेवू दिला यानं. आणि आता ही संहिता! भातुकली मांडते ना, तर दारासमोर एक वाटी नाही ठेवू देत. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, मग बाहेर कसं येणार?"

अश्विनचा पेचकस थांबला. त्यानं मान वळवली नाही. कुमुदिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिली… म्हणजे विसरला नव्हता तो. खेळ आहे हे त्याला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि तरी तो माझ्यासाठी खेळला होता. आणि मी वास्तूच्या नावाखाली भीतीचंच वाण देत बसले, मुलाला, त्याच्याकडून त्या एवढ्याशा पोरीला. तिला रडूच येईल असं वाटलं.

"वास्तू-बिस्तू काही नाही, वल्लरी," ती म्हणाली. "मला भीती वाटते. भूकंपाची."

वर्तमानपत्र खाली आलं. वल्लरीचं हसू ओसरलं. "मग राहू दे ना, आई. दोन चटया जास्त टाकू बाहेर."

"नाही. सरकवा. मी धरते एका बाजूनं."

अश्विन शेवटचा स्क्रू काढून स्टुलावरून उतरला. दोघांनी मिळून कपाट ढकललं. तो तिच्याकडे बघत होता आणि ती कपाटाकडे. दाराशेजारी ते उभं राहिलं तेव्हा तिनं दारापर्यंतची वाट एकदा नजरेनं मोजली. रघुवीरनी शाल घेतली, खुर्ची ओसरीत नेली आणि दार सताड उघडून तिथेच बसले. "हवा येऊ दे," म्हणाले. जानेवारीत!

चार वाजता बायका आल्या. छत्रीबागेतल्या, महूच्या, कॉलनीतल्या. सगळ्या हॉलभर बसल्या, हिंदी-मराठीचा एकच गलका झाला, आणि गराडूवर लिंबू पिळता पिळता वल्लरी अगदी घरची धनीण होऊन वावरत होती. कुमुदिनी कुंकू लावत पुढे सरकत होती. मध्येच नजर दाराकडे जायची, कपाटाकडे जायची, परत समोरच्या कपाळावर यायची. दोनदा तर ती बघायचं विसरलीसुद्धा.

तेवढ्यात संहिता येऊन तिच्या साडीला बिलगली. "आजी, तू घाबरतेस? आई म्हणाली."

दोघीतिघी वळल्या. कुमुदिनीनं इकडेतिकडे पाहिलं नाही.

"हो गं."

"किती?"

किती… पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःलाही नाही. करंडा हातात तसाच धरून कुमुदिनी खरोखरच विचार करू लागली.