घड्याळाचे नळ

घरात त्या माझ्या सासूबाई आणि पाणी समितीत अध्यक्ष, त्यामुळे मला कुठेच सुटका नाही. घरी म्हणणार, गॅस बारीक कर. कोपऱ्यावर म्हणणार, चावी हळू फिरव. सूर तोच.

चावी म्हणजे कुलपाची किल्ली नव्हे. माझ्या खांद्यापर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण बाजूला करायचं, दांडा आत उतरवायचा आणि अंगाचा भार टाकून व्हॉल्व्ह फिरवायचा. इतकी वर्षं हे काम चावीवाल्या काकांचं. पाणी कधी सोडायचं, किती वेळ, सगळं त्यांच्या मनावर. चढाच्या टोकाला वरची आळी आहे, तिथे मात्र पाणी कधी पोचलंच नाही. नळ बसवलेले, तोट्या चकचकीत, आत सगळा खडखडाट. तिथल्या बायका घागरी घेऊन खाली यायच्या आणि आमच्या नळांवर ताटकळत उभ्या राहायच्या.

समितीत बायका आल्यावर सासूबाईंनी पाणीखात्याच्या साहेबांकडे सरळ चावीच मागितली. साहेब पक्के. म्हणाले, "महिनाभर चालवून बघा. वरच्या आळीत पाणी पोचलं तर चावी तुमची. नाही पोचलं तर परत काकांची. आणि पोचलं की नाही, ते काकाच मला फोन करून सांगतील."

म्हणजे मांजरालाच दुधाचा पंच नेमलं.

चावी फिरवायला माझं नाव सासूबाईंनीच पुढे केलं. बाळंतपणापासून मी घरातच होते. दूध, लंगोट, झोप, परत लंगोट. पोरगी माझी जीव की प्राण, पण दिवसभरात बोलायला तीच, आणि तिला बोलता येत नाही. आता सकाळी तिला पाठीशी बांधून, दांडा खांद्यावर टाकून मी कोपऱ्यावर जायला लागले आणि मला माझीच चाल नवी वाटायला लागली. तिचा कोवळा श्वास मानेला लागायचा आणि हातात ते थंडगार लोखंड. ती चावी मला परत द्यायची नव्हती.

काका समोरच्या कठड्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचे. "सूनबाई, मनगट लागतं त्याला."

"मनगट आहे तिचं," सासूबाई म्हणायच्या. "उठता बसता पोर उचलते. तुम्ही काय उचलता, पेपर?"

आमचा बेत सोपा होता. पाणी सोडलं की खालच्या घरांनी नळ बंद ठेवायचे, वरची आळी भरू द्यायची, मग आपण भरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारोदार जाऊन पाहिलं, नळ बंद. तरीही पाणी शिंपीणताईच्या घरापर्यंत जाईना. वरच्या आळीत तिचं घर अगदी शेवटचं. रोज ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून दोन्ही हात हलवायची, नाही म्हणून.

मग जे व्हायचं ते झालं. ती चोरून भरते, हिच्या अंगणात ओल कशी, असं सुरू झालं. दोघीतिघींचं बोलणं बंद झालं. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा समितीत चावी फिरवणारी मी, ओरडणाऱ्या सासूबाई आणि बाकी सगळा अबोला.

त्या सकाळी मी व्हॉल्व्ह जरासाच उघडला असेल, तोच पाठीवर पोरगी दचकली. कुठून तरी बारीक आवाज येत होता, फुस्स. तो मी चांगला ओळखते. पाण्याच्या आधी उघड्या नळातून हवा सुटते, आणि आमच्याकडची मेहनतीने आणलेली झोप नेमकी त्याच आवाजाने मोडते.

"आई, कुठे तरी नळ उघडा आहे."

"कुठे?"

"ऐकावं लागेल. सगळ्यांना गप्प करा."

लोकांना गप्प करणं सासूबाईंच्या स्वभावात नाही, त्यांच्यामुळे लोक बोलायला लागतात. मीच रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, ओठांवर बोट ठेवलं आणि पाठीकडे खूण केली, झोपतेय. झोपणाऱ्या बाळापुढे कुणाचं काय चालतं? रेडिओ बंद झाला. गॅरेजवाल्याने हातोडी अलगद खाली ठेवली. भाजीवाल्याने आरोळी अर्ध्यावर गिळली. इतका शांत आमचा रस्ता मी आजवर पाहिला नव्हता.

फुस्स येत होती चावीवाल्या काकांच्या घरातून.

आम्ही पावलं न वाजवता तिथे गेलो. काकू दारातच होत्या.

"काकू, नळ उघडा राहिलाय तुमचा."

"छे गं. सकाळीच घट्ट पिळलाय. ये, बघ."

पुढचा नळ खरंच बंद होता. आवाज मागच्या मोरीतून होता. तिथे दुसरा नळ, पुरता उघडा, आणि खाली पालथी पत्र्याची थाळी.

"आणि हा?"

"हा नळ नाही, हे घड्याळ आहे माझं," काकू म्हणाल्या. "पाणी आलं की थाळी वाजते, मग मी उठते. हे इतकी वर्षं सगळ्या जगाला पाणी सोडायचे, पण आज किती वाजता सोडणार ते घरी कधी सांगितलंय? विचारा की. मागेच उभे आहेत."

काका आभाळाकडे बघायला लागले.

गॅरेजवाल्याची बायको हळूच म्हणाली, "तसलं घड्याळ आमच्यातही आहे."

"आमच्या न्हाणीत. खाली डबा ठेवलाय."

"आमची बादली."

कुणी खोटं बोललं नव्हतं. नळ बंद करा म्हटलं, सगळ्यांनी नळ बंद केले. घड्याळ बंद करा असं कोण म्हणालं होतं? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पोरीचं टोपडं सारखं करण्यात भारी गुंतल्या होत्या.

"आई?"

"मागचा," त्या पुटपुटल्या. "जुनं पातेलं आहे खाली." आणि लगेच अध्यक्षांच्या आवाजात, "बघत काय राहिलात? पळा, बंद करा."

बायका हसत सुटल्या. अबोला धरलेल्या दोघी एकाच दारातून एकदम बाहेर पडताना अडकल्या आणि तशाच हसत राहिल्या.

"पण मग पाणी आलेलं कळायचं कसं?" काकूंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आम्ही कोपऱ्यावर परतलो, मी दांडा उचलला आणि विजेच्या खांबावर एक ठोका दिला. टण्णकन आवाज पार चढापर्यंत गेला. पोरीने भोकाड पसरलं.

"कळेल," काकू म्हणाल्या. "मेलेलं उठेल."

व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा तर अंगाचा सगळा भार हवा. मी पोरगी सोडवून जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली. ते काका होते. दोघांनीही एकमेकांकडे नापसंतीने पाहिलं. मी मात्र मूठ धरली आणि फिरवत राहिले, आणि तळव्यांना जाणवलं, खाली पाणी धावत होतं.

आम्ही काहीजणी चढ चढून वर पोचलो तेव्हा शिंपीणताईचा नळ खोकत होता. आधी तांबडं, मग गढूळ, मग स्वच्छ. नळाला अडकवलेली तिची मोजपट्टी चिंब झाली होती. तिने खाली घागर लावलीच नव्हती. दोन्ही हात धारेखाली धरून ती नुसती उभी होती.

"अगं, भर तरी, नाहीतर बंद कर," सगळ्याजणी ओरडल्या.

"थांबा गं," ती म्हणाली. "एवढी काय घाई आहे?"

शेवटी काका आले, धापा टाकत, खांद्यावर माझी पोरगी हुंदके देत झोपलेली. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं, मोकळ्या हाताने खिशातून फोन काढला.

"साहेब, पोचलं," ते म्हणाले. "हो, टोकापर्यंत. नाही हो, मी कुठला. सूनबाईंनी. चावी? तिच्याकडेच राहू द्या. माझ्याच घरातून गळत होतं, मी कुठल्या तोंडाने मागू?" मग माझ्याकडे वळून, आवाज एकदम बारीक करून, "हिला उचलू नकोस अजून. आत्ताच डोळा लागलाय."

खालून सासूबाईंची हाक आली. "वरचं झालं का? आम्ही घागरी घेऊन उभ्या आहोत."

शिंपीणताई खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"अजून नाही," ती ओरडली. "जरा दम धरा."

आणि खाली सगळी आळी, नळ बंद ठेवून, दम धरून उभी राहिली.