हातमोजे घालून केलेली पूजा

चुंबकाचा थर चढवायचा, आणि तोही अणू मोजून घ्यावेत इतका पातळ, हे काम मला ज्याने सुचवलं त्याचं भलं होवो. लोणावळ्यातल्या एका संस्थेत मी तेच करत होते. स्टीलच्या बंद भांड्यातली हवा पार काढून टाकायची आणि कोबाल्टच्या चकतीवरचे अणू उडवून सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवायचे. त्यापासून, वीज गेली तरी काही न विसरणारी कॉम्प्युटरची मेमरी बनते. तळेगावात आई शेजारणींना एवढंच सांगायची, "आमची राजेश्वरी चुंबक बनवते."

श्रावणात एक थर असा जमला की माझे गाईड सरसुद्धा खुर्चीतून उठले. मग लगेच म्हणाले, "दिवाळीपर्यंत असाच पुन्हा करून दाखव, नाहीतर फेलोशिप वाढणार नाही." एकदा जमलं ते पुन्हा जमेलच, असं मला वाटलं. मूर्खच मी.

खंडेनवमीला चकती बदलायला भांडं उघडलं आणि नवी आणायला स्टोअरमध्ये गेले. आमचे मदतनीस सोपानभाऊ तेव्हा सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावत फिरत होते. परत आले तर माझ्या मशिनीवर झेंडूचा हार. मी नमस्कार केला, चकती बसवली, झाकण लावलं.

त्यानंतर एकही थर धड आला नाही. हवा काढता निघेना. भांडं तापवलं, पंपाचं तेल बदललं, एकदा रागाने मशिनीला लाथही घातली. थर चढायचा, पण त्यात चुंबकत्व नावालाही नसायचं. दिवाळीच्या तोंडावर मशिनीच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने आतला पत्रा काढला, तर मागच्या बाजूला हळदकुंकवाची पिवळी-लाल बोटं ओढलेली. त्यातूनच वाफ सुटत राहायची आणि थर नासायचा.

सोपानभाऊंनी काही लपवलं नाही. "बाकीच्यांची पूजा बाहिरनं केली. हिचं पोट उघडं हुतं, म्हून आतनं केली. ताई लय कष्टी असत्यात हिच्यापायी." मग घाईने म्हणाले, "हातमोजं घालून केली, सायेब. ताईंनी शिकवलंय तसं."

इंजिनिअर हसला. सरांनी ठेकेदाराला फोन लावला आणि भाऊंचं काम त्याच दिवशी गेलं. भांडं घासूनपुसून पुन्हा हवा काढेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. माझी फेलोशिपही गेली. "पहिला थरही योगायोगच असेल," सर म्हणाले. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

परवा सामान घेऊन लोणावळा स्टेशनवर आले, तर बाकावर सोपानभाऊ. आता ते मळवलीत एका बंगल्याची राखण करतात. मला बघून उठले आणि माझी पिशवी हातातून घेतली.

"ताई, जमला का वो थर?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "जमला, भाऊ."

"मंग माझं गेलं त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "तवापासनं डोळ्याला डोळा न्हवता."

गाडी आली. मळवली येईपर्यंत ते समोर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि मी खिडकीबाहेर.